म्हातारपणी कोण लागतं? (लेकरं सोडून सांगा)

शाळेची बाई (अंबाजोगाई) · धागाकर्ती

धाग्याची अट आधीच सांगते. लेकरांबद्दल लिहायचं नाही. ती पुण्यात आहेत, कॅनडात आहेत, रोज फोन करतात, करत नाहीत, सून जीव लावते, लावत नाही, यावर इथं पोत्यानं लिहून झालंय. मला दुसरं विचारायचंय. साठी-सत्तरीनंतर रोजच्या दिवसात तुम्हाला, नाहीतर तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना, लेकरं सोडून कोण लागतं? बहीण, भाऊ, जाऊ, नणंद, शेजारीण, वर्गमैत्रीण, भजनातली माणसं, पारावरचे लोक. कुणीही चालेल.

निमित्त असं की अमेरिकेतल्या त्या प्रसिद्ध अभ्यासाबद्दल वाचत होते. १९३८ साली सुरू झालेला. हार्वर्डमधली २६८ पोरं आणि बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतली ४५६ पोरं, मिळून ७२४. त्यांची तब्येत, नोकरी, लग्न, भांडणं असं सगळं आयुष्यभर विचारत राहिले, रक्त तपासलं. पुढं त्यांच्या मुलाबाळांनाही त्यात घेतलं. रॉबर्ट वाल्डिंगर नावाचे मानसोपचारतज्ज्ञ त्याचे प्रमुख. ते सांगतात की ऐंशीव्या वर्षी कोण धडधाकट असेल, याचा अंदाज पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलवरून येतो त्यापेक्षा पन्नाशीत तो आपल्या नात्यांत किती समाधानी होता यावरून जास्त चांगला येतो.

सुरुवातीचे सगळे पुरुष होते, तेही गोरे. आमच्या गल्लीतल्या बायकांना विचारलं असतं तर एवढी वर्षं लागली नसती, असो.

माझं सांगते. आमच्या वाड्याची वाटणी झाली तेव्हा मधल्या भिंतीवरून दोघं भाऊ भांडले, आणि त्यांच्यामागं आम्ही दोघी जावा कितीतरी वर्षं एकमेकींच्या दारात गेलो नाही. आता दोघंही भाऊ नाहीत. भिंत आहे. जाऊबाईंना मोतीबिंदू काढल्यावरही नीट दिसत नाही, माझे गुडघे गेलेत. दुपारी त्या माझ्याकडं येतात, सूप मांडीवर घेतात आणि तुरीच्या डाळीतले खडे बोटांनी चाचपून काढतात. मी चष्मा लावून निवडते, तरी त्यांचेच खडे जास्त निघतात. मध्येच औषधाचं पाकीट माझ्यापुढं धरतात, मी नाव आणि तारीख वाचते. फार बोलतो असं नाही. बोललो तर मेलेल्या माणसांच्या चुगल्या. पण एखाद्या दुपारी त्या आल्या नाहीत की चारच्या सुमारास मी काठी शोधायला लागते. असं ज्याच्यासाठी काठी शोधावी लागते, त्या माणसाबद्दल लिहा.

मांजराकाठ (लातूर, मुक्काम पुणे)

बाई, अट मोडतो, आधीच कान धरतो.

आई औशाकडच्या खेड्यातली, वडील गेल्यावर वाकडला आणली. अकरावा मजला. खायला-प्यायला, औषधाला, नातवाला काही कमी नाही. महिनाभरात तिनं काय शोधलं असेल? आमच्या बिल्डिंगचा रात्रीचा वॉचमन जालन्याकडचा आहे. संध्याकाळी त्याची ड्यूटी सुरू झाली की आई लिफ्टनं खाली जाते आणि त्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसते, तो उभा राहतो. पाऊस, कापसाचा भाव, तिकडं कोण वारलं. सोसायटीच्या ग्रुपवर एकानं तक्रार टाकली की सिक्युरिटीचं लक्ष विचलित होतं.

येळवशीला (वेळ अमावस्येला) गावी नेलं होतं. कोपीपुढं बसून बरोबरीच्या बायकांत भज्जी आणि आंबील खाल्ली, आणि परत निघताना गाडीत बसेना. मी तिला विचारलं, इथं एकटी राहशील का. म्हणाली, इथं कुठं एकटी. हे ऐकून मला थोडा राग आला, हेही सांगतो.

शाळेची बाई

अट मोडलीत, पण वॉचमनसाठी माफ. त्या तक्रार करणाऱ्याला आमच्याकडं पाठवा.

आकडेवाला (छत्रपती संभाजीनगर)

धागा छान, पण जरा पाणी घालतो. नाती चांगली म्हणून तब्येत चांगली, की तब्येत चांगली म्हणून नाती टिकली? ज्याला चालता येतं तो पारावर जातो. ज्याला लघवी आवरत नाही तो लग्नकार्याला जायचं टाळतो. बाहेरून दोघांकडं बघून आपण म्हणणार, बघा, मिसळणारा माणूस तंदुरुस्त.

ज्युलियान होल्ट-लन्स्टॅड या बाईंनी २०१० मध्ये १४८ अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला होता, ३ लाख ८ हजारांवर माणसं. ज्यांची सामाजिक नाती भक्कम त्यांच्या जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त निघाली. आकडा मोठा आहे, मी नाकारत नाही. पण माणसांना चिठ्ठ्या टाकून 'तुला मैत्रीण, तुला नाही' असं वाटून देता येत नाही, त्यामुळं कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे शेवटपर्यंत चिकटून राहतं.

तालुक्याचा डॉक्टर (परभणी जिल्हा)

आकडेवाले, प्रश्न रास्त आहे. माझ्या ओपीडीतही दोन्ही दिशा दिसतात. पण पूर्ण उलटं म्हणता येत नाही. त्या १४८ अभ्यासांत माणसं पुढं कित्येक वर्षं पाहिली होती आणि सुरुवातीला कोण किती आजारी होतं हे हिशेबात धरूनही फरक राहिला. दुसरं, १९९७ मधला शेल्डन कोहेन यांचा प्रयोग बघा. २७६ निरोगी लोकांच्या नाकात सर्दीचे विषाणू मुद्दाम सोडले आणि त्यांना वेगळं ठेवलं. ज्यांची नाती तऱ्हेतऱ्हेची होती, म्हणजे घर, शेजार, काम, देवळातली मंडळी असे वेगवेगळे कप्पे होते, त्यांना सर्दी कमी झाली. विषाणू तर सगळ्यांच्याच नाकात सोडला होता.

मला स्वतःला ओहायोमधला २००५ चा प्रयोग जास्त बोलका वाटतो. जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर यांचा. ४२ नवरा-बायको. हातावर मशीननं बारीक फोड आणून जखम केली आणि ती किती दिवसांत भरते ते मोजलं. ज्या जोडप्यांच्या बोलण्यात सतत टोचणी होती त्यांची जखम इतरांच्या ६० टक्के वेगानंच भरली. त्यामुळं नुसतं 'नाती जपा' म्हणणं मला पटत नाही. घरात रोज धुसफूस असेल तर ते नातंच अंगावर निघतं. शुगरच्या पेशंटची पायाची जखम का चिघळते हे तपासताना मी साखर बघतो, चप्पल बघतो, आणि ड्रेसिंगला बरोबर कोण आलंय आणि ते एकमेकांशी कसं बोलतात तेही बघतो.

आणखी एक गंमत. ज्यांच्याशी उघड वैर आहे त्यांच्यापेक्षा 'जवळचे आहेत पण कधी टोमणा मारतील नेम नाही' अशा माणसांशी बोलताना रक्तदाब जास्त वाढतो, असं बर्ट उचिनो आणि होल्ट-लन्स्टॅड यांनी दिवसभर बीपी मोजून दाखवलं होतं. भावकी म्हणतात ती हीच.

मांजराकाठ

डॉक्टर, शेवटच्या ओळीला दंडवत. सातबारा काढताना माझं बीपी कुणीतरी मोजायला हवं होतं.

निवृत्त कंडक्टर (परळी)

बाई नमस्कार. म्या यष्टीत कंडक्टर होतो. लिहायची सवय नाही, नातीनं टायपिंग शिकवलंय. शुद्धलेखन बघू नका, तुम्ही मास्तरीण हात.

ऑगस्ट २०२२ ला पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना यष्टी फुकट झाली. मागून २०२३ ला बायांना अर्धं तिकीट. तवापासून गाडीत म्हातारी माणसं लई वाढली. तरणी पोरं म्हणायची, फुकट हाय म्हणून हिंडायलेत. हिंडू द्या की. पण कुठं हिंडायलेत ते बघितलं का कुणी? देवाला जाणारे हायतच. बाकीचे निम्मे बहिणीकडं जायलेत. भाऊ आजारी हाय, जायलेत. माहेराला जायलेत, जिथं आता आई-बाप नाहीत, भावजय बी म्हातारी झालीय.

एक म्हातारी ध्यानात ऱ्हायलीय. घाटनांदूरच्या अलीकडं चढायची, रेणापूरला उतरायची. हिवाळ्यात पिशवीत हरभऱ्याचा ढाळा असायचा. म्या म्हणलं, मावशे, रेणापुरात ढाळा भेटत नाही का. म्हणली, भेटतो, पण बहिणीला दात नाहीत, सोलून, चेचून द्यावा लागतो, तिची सून कुठं बसती सोलीत. संध्याकाळच्या गाडीनं परत. बोटाला ढाळ्याची आंब लागून काळी झालेली. पहिले तिकीट काढून ती सणासुदीलाच जायची. फुकट झाल्यावर वरचेवर.

आता मपलं. मंडळी गेली तवा कळालं की सोयरे सगळे तिचे होते. माझे बी तिचेच. माझ्या सख्ख्या बहिणीला राखीला फोन लावून ती माझ्या हातात द्यायची. कुणाच्या घरी बाळंतपण, कुणाचं साखरपुडं, कुणाला किती आहेर केलता, सगळं तिच्या डोक्यात. ती गेली आन वही मिटली. नोकरीत रोज हजार माणसाशी बोललो, पण काय बोललो? पुढं सरका, सुट्टे काढा. घरी आल्यावर बोलायला कोणी पायजे हे ध्यानातच नाही आलं, कारण ती होती.

आता सकाळी स्टँडवर जाऊन बसतो. जुने ड्रायव्हर येतात. घरचे म्हणतात रिटायर होऊन बी ड्यूटीला जायलेत.

शाळेची बाई

कंडक्टर भाऊ, शुद्धलेखनाला पैकीच्या पैकी. 'वही मिटली' हे आमच्याकडं उलटं झालं. यजमान गेले तर माझी वही उघडीच राहिली, पण मला बोलावणी यायची बंद झाली. त्यावर नंतर लिहिते.

डोंगरपट्टा (धारूरकडचा)

इथं सगळे पारावरचं, बहिणीचं लिहायलेत. आमच्या तांड्यात-गावात दसरा-दिवाळी झाली की पारच रिकामा होतो. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, कारखाना बंद होईपर्यंत. पाच-सहा महिने गावात राहतात ते म्हातारे आणि शाळेची लेकरं.

लोकांना वाटतं या म्हाताऱ्या एकट्या पडत असतील. पडतात. पण माझ्या आजीला एकटं पडायला वेळ कुठं होता? आम्ही चौघं भावंडं तिच्याकडं, शेजारच्या घरची दोन. शेजारची आजी अधू होती, म्हणून दोन्ही घरचं एका चुलीवर. एक भाकरी थापायची, दुसरी बसून कालवण बघायची आणि आम्हाला शिव्या द्यायची. शाळेला सहा जण एकदम सुटायचो. रात्री दोघी एका घरात झोपायच्या, भीती वाटते म्हणून. कुणाची भीती विचारलं तर सांगायच्या नाहीत.

आई-बाप परत आले की चुली परत दोन व्हायच्या. आणि मग आजी आजारी पडायची. आम्ही हसायचो. लेकरू आलं की दुखणं काढती. डॉक्टर, याला काही शास्त्र आहे का?

तालुक्याचा डॉक्टर

एका आजीवरून शास्त्र सांगू नये. पण सहा लेकरांची जबाबदारी खांद्यावर असताना दुखणं अंगावर काढलं जातं आणि माणसं आली की ते सांगायला जागा मिळते, हे मी बऱ्याचदा पाहिलंय. त्या दिवसांत आजारी पडत नव्हत्या असं समजू नका. डॉक्टरकडं न्यायला कुणी नव्हतं.

डोंगरपट्टा

हे खरं असेल. तिला बीपी होतं ते फार उशिरा कळालं.

गोदाकाठची सून (गंगाखेड)

बरेच दिवस फक्त वाचत होते. आज लिहिते कारण धाग्यात लेकरं सोडून सगळे आले, सून मात्र दोनदा येऊन गेली. 'सून कुठं बसती सोलीत.' कंडक्टर काका, राग नाही. पण ऐका.

माझं वय ५२. सासूबाई अंथरुणावर आहेत, पक्षाघातानंतर. त्यांना कोण लागतं हे मला पाठ आहे. समोरच्या घरातल्या नळाच्या वेळच्या मैत्रीण, त्या रोज येऊन खाटेवर बसतात. त्यांचा धाकटा भाऊ, तो पालमहून महिन्यातून येतो, येताना जिलेबी आणतो, जी त्यांना चालत नाही. आणि मी. मला त्या दिवसभर हाक मारतात. कधी नुसतं बघायला, आहे का म्हणून. आमचं पहिली वीस वर्षं अजिबात पटलं नाही. आता त्यांचं तोंड पुसताना त्या माझा हात धरून ठेवतात. त्याला प्रेम म्हणायचं का, मला माहीत नाही, नाव द्यायची गरजही वाटत नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. यात माझ्या मैत्रिणी गेल्या. शाळेतल्या दोघी होत्या, एक नांदेडला, एक इथंच. बोलावतात, मी जाऊ शकत नाही, मग बोलवायचं बंद. माहेरी सकाळी जाऊन दुपारी परत. भिशी सोडली. त्या बॉस्टनवाल्यांनी पन्नाशीतलं समाधान बघितलं म्हणता ना? मग ज्या बायका पन्नाशीत दुसऱ्याचं म्हातारपण काढतात त्यांच्या ऐंशीचं काय?

शाळेची बाई

बाळ, हा धागा तुझ्या प्रश्नावर काढायला हवा होता.

आकडेवाला

माझ्याकडं याला उत्तर नाही, पण मुद्दा मोठा आहे. घरात माणूस आहे म्हणून त्या घरातलं कुणी एकाकी नाही, असं आपण धरून चालतो. जागतिक आरोग्य संघटनेचा जून २०२५ चा अहवाल म्हणतो, जगात दर सहा माणसांत एकाला एकाकीपणा छळतो आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध लावला आहे. आणि गंमत म्हणजे १३ ते २९ वयाच्या लोकांत १७ ते २१ टक्के जणांनी एकाकी वाटतं असं सांगितलं. म्हणजे हा म्हाताऱ्यांचाच रोग नाही. माणसं कमी असणं वेगळं आणि एकाकी वाटणं वेगळं. त्या अहवालातही दोन्ही वेगळं धरलंय. ताईंच्या घरात माणसं भरपूर आहेत.

तालुक्याचा डॉक्टर

ताई, एक व्यवहाराचं. समोरच्या काकू रोज खाटेवर येऊन बसतात ना, ती वेळ तुमची. त्या बसल्या असताना तुम्ही स्वयंपाक करत असाल तर करू नका. बाहेर पडा, त्या मैत्रिणीकडं जाऊन या. फक्त हाक कशी मारायची, पाणी किती पाजायचं आणि ठसका लागला तर काय करायचं हे काकूंना एकदा दाखवून ठेवा. पक्षाघातानंतर गिळताना ठसका लागतो, तेवढं जपायचं. पेशंटचं काही बिघडत नाही. ज्या घरात सांभाळणारी दिवसातून एकदा बाहेर पडते त्या घरात मला पाठीच्या जखमा कमी दिसतात. हा माझा ओपीडीचा अंदाज आहे, अभ्यास नाही, आकडेवाले लगेच धावू नका.

कोर्टकचेरी (बीड)

थोडक्यात कायद्याचं, कारण विचारणारे विचारतातच. २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडं, पोटगी महिन्याला १० हजारांपर्यंत. मूलबाळ नसेल तर ज्या नातेवाइकाकडं तुमची मालमत्ता आहे किंवा जाणार आहे त्याच्यावरही जबाबदारी येते, हे फार लोकांना ठाऊक नसतं. 'सांभाळशील' या अटीवर जमीन किंवा घर बक्षीस दिलं आणि सांभाळलं नाही तर कलम २३ खाली ते रद्द होऊ शकतं. म्हणून बक्षीसपत्रात ती अट लिहून घ्या, तोंडी ठेवू नका. मदतीचा फोन १४५६७. बाकी या धाग्यात ज्याची चर्चा चाललीय ते मिळवून देणारं कलम मला सापडलेलं नाही.

तेरणाकाठ (किल्लारी परिसर)

आमच्याकडची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण शेजार जातो म्हणजे काय होतं ते आम्ही बघितलंय.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे चारच्या आधी सगळं खाली आलं. दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवदाची माती. मेलेल्यांबद्दल खूप लिहून झालंय. मी मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांबद्दल लिहितो.

५२ गावं दुसरीकडं वसवली. घरं पक्की मिळाली, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण जुन्या गावात गल्ली एवढी अरुंद होती की माझी आजी तिच्या उंबऱ्यावर आणि समोरची म्हातारी तिच्या उंबऱ्यावर बसून बोलायच्या, आवाज चढवावा लागत नव्हता. ढाळजेत, म्हणजे दारालगतच्या बैठकीत, कोण आलं-गेलं सगळं दिसायचं. नव्या गावात सरळ आखलेले रुंद रस्ते, घराभोवती मोकळी जागा. आणि घर किती मोठं ते जमिनीवर ठरलं, म्हणून मोठ्या घरांच्या ओळी वेगळ्या, लहान घरांच्या वेगळ्या. आजीची समोरची म्हातारी भूमिहीन होती. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली.

तरण्या माणसाला हे पाच मिनिटांचं अंतर. आजीला उन्हाळ्यात तेवढा रस्ता ओलांडायचा म्हणजे डोक्यावर पदर, हातात काठी, पायात चप्पल, आणि मध्ये बसायला सावली नाही. ती आधी रोज जायची, मग बाजारच्या दिवशी, मग ती म्हातारी वारल्याचं तिला दुसऱ्या दिवशी कळालं. जुन्या गल्लीत असं झालंच नसतं. खोकला रात्री बदलला तरी कळायचं.

आराखडा करणारे चांगलेच लोक होते. भूकंपात अरुंद गल्लीनं माणसं मारली हेही खरं, दोन्ही बाजूंच्या भिंती पडल्यावर पळायला वाट नव्हती. पण 'शेजारी कोण हवा' एवढं म्हाताऱ्यांना विचारायला हवं होतं.

मांजराकाठ

आता गावागावात आणि लातूरच्या कडेला जी नवी प्लॉटिंग पडतायत तिथं हेच आहे, फक्त भूकंपाशिवाय. कंपाऊंड, गेट, आत कुत्रा. ओटा कुणीच बांधत नाही.

शाळेची बाई

कबूल केल्याप्रमाणं लिहिते. यजमान गेले त्या वर्षीच्या संक्रांतीला गल्लीतलं एकही बोलावणं आलं नाही. कुणी वाईट वागलं असं नाही. उलट डबे आले, विचारपूस झाली. फक्त हळदीकुंकवाला 'तुम्ही नंतर या, निवांत बोलू' असं सुरू झालं. आमच्याकडं बायकांना एकत्र बसायचं कारण म्हणजे संक्रांत, चैत्रगौर, मंगळागौर, डोहाळजेवण. त्या सगळ्याला सवाष्ण लागते. म्हणजे बाईला जेव्हा चार बायकांची सगळ्यात जास्त गरज, नेमकी तेव्हा त्या चार बायका बंद. पुरुषाचं वेगळं, कंडक्टर भाऊ म्हणाले तसं. त्याच्याकडं माणसं नसतात. आमच्याकडं असतात आणि दार लागतं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करा म्हणून सांगितलं. चांगलं झालं. पण मंगळसूत्र तोडू नका एवढंच बातम्यांत आलं. पुढं वर्षानुवर्षं ज्या बैठका सुटतात त्याबद्दल कुणी बोललं नाही.

मी माझ्या घरी संक्रांतीचं वाण ठेवते. सगळ्या येतात, नवरा असलेल्या, नसलेल्या, टाकलेल्या. पहिल्या वर्षी कुंकवाची वाटी मधोमध ठेवली होती आणि कुणी तिच्याकडं बघेना. सगळ्या तिळगूळ कसा चिकट झालाय यावर बोलत राहिल्या. शेवटी जाऊबाईंनी, ज्यांना दिसत नाही, हात फिरवत वाटी शोधली आणि शेजारी जी बसली होती तिला लावलं. कोण आहे हे विचारलंसुद्धा नाही. वाण म्हणून चष्म्याच्या दोऱ्या वाटल्या. सगळ्यात गाजलेलं वाण.

गोदाकाठची सून

चष्म्याच्या दोऱ्या! सासूबाईंना वाचून दाखवलं. अर्धा चेहरा हसला. नळावरच्या काकू विधवाच आहेत. आता कळालं मला, त्या खाटेवर का बसतात. आमच्याकडं कधीही आलं तरी चालतं.

आकडेवाला

अवांतर: लॉरा कार्स्टेन्सन यांचं एक म्हणणं इथं बसतं. वय वाढतं तसा माणूस गोतावळा आपणहून छाटतो. वेळ थोडा उरलाय हे जाणवलं की नवीन ओळखी कशाला, जी माणसं जिवाची तेवढीच ठेवू, असं होतं. म्हणून म्हाताऱ्याच्या ओळखी कमी दिसल्या की लगेच काळजीचं कारण नाही. पण या धाग्यात जे दिसतंय ते निराळं आहे. हरभरावाली मावशी, खड्डे पडलेल्या रस्त्यानं का होईना, बहिणीकडं जातेय. तिनं छाटून हेच एक ठेवलंय. आणि तेरणाकाठ यांच्या आजीचं दुसऱ्यांनी छाटलं. बाहेरून दोघींकडं एकच माणूस उरलेलं दिसेल.

तालुक्याचा डॉक्टर

आकडेवाले, आज पाणी न घालता लिहिलंत.

एक राहिलं होतं. म्हातारी माणसं बैठकीतून उठून जायला लागली, भजनात बसेनाशी झाली, फोनवर 'बरं आहे, ठेवते' म्हणून संपवायला लागली, की घरचे म्हणतात स्वभाव बदलला. आधी कान तपासा. ऐकू न येणारा माणूस हसण्याच्या वेळी चुकीचं हसतो, लाजतो आणि मग येतच नाही. २०२४ मध्ये लॅन्सेटच्या आयोगानं स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी १४ कारणं सांगितली, त्यात कमी ऐकू येणंही आहे आणि लोकांपासून तुटणंही. माझ्याकडं येणाऱ्यांत पहिल्यातून दुसरं होताना दिसतं. जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. बऱ्याच जणांच्या कानात नुसता मळ निघतो.

डोंगरपट्टा

चुलत्याला उद्याच नेतो. वर्षभर भजनात टाळ चुकीचा वाजवायलाय, लोकांना वाटलं तब्येत ऐकत नाही. कानच ऐकत नसंल.

उदगीरची लेक

धागा दोनदा वाचला. कंडक्टर काकांना विचारायचंय. आई ७६ वर्षांची, उदगीरला. मावशी बिदरला दिलेली. दोघींची फोनवर भेट, प्रत्यक्ष नाही, कारण मी गाडी काढल्याशिवाय आई निघत नाही आणि मला सुट्टी नाही. यष्टीनं फुकट जाता येईल का बिदरपर्यंत? कार्ड कुठलं लागतं?

निवृत्त कंडक्टर

ताई, सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच हाय. हद्दीपातुर फुकट, तिथून पुढं बिदरचं तिकीट काढावं लागंल. हद्द उदगीरपून जवळच हाय, बराचसा रस्ता कर्नाटकातच ऱ्हातंय. आपल्याच यष्टीत बसवा, कर्नाटकच्या गाडीत ही सवलत चालत नाही. आधार कार्ड दाखवलं की झालं, वय दिसलं पायजे. झेरॉक्स कधी चालती, कधी नाही, असली कार्डच द्या, पण हातातल्या पिशवीत नका ठेवू, कमरेच्या पिशवीत ठेवायला लावा. सकाळच्या गाडीला गर्दी ऱ्हाती, दहा-अकराची बघा. कंडक्टरला सांगा, मावशीला उतरून घ्यायला कोण येणार त्याचा नंबर चिठ्ठीवर लिहून द्या. आन मुक्कामी जायला सांगा. त्याच दिवशी परत म्हणलं तर दोघींचं काय बोलणं व्हायचं.

उदगीरची लेक

काका, आईला विचारलं. म्हणते एकटी जाईन, पण तुझ्या बापाला सांगू नको.